भारतीय शस्त्र कायदा व त्यास झालेला राजकीय विरोध

शस्त्रे व दारूगोळा बाळगणे, जवळ घेऊन फिरणे, तयार करणे, विकणे वा आयात करणे यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. जुन्या मराठी लेखनात तो ‘हत्यारांचा कायदा’ या नावाने ओळखला जाई. ब्रिटिश अमदानीत १८७८ साली संमत झालेला या विषयावरील कायदा भारतीय राष्ट्रीय चळवळीच्या रोषाचा सुमारे साठ वर्षे विषय झाला होता. हा विरोध केवळ बंदुकीसाठी नव्हता. प्रजेवर विश्वास ठेवण्यास राज्यकर्ते तयार आहेत की नाहीत, आणि कायद्यापुढे गोरा व काळा समान आहेत की नाहीत, हे दोन प्रश्न त्याच्या मुळाशी होते. स्वातंत्र्यानंतर या प्रश्नांचे स्वरूप पालटले व जो हक्क परकी सरकारकडे मागितला होता, तो स्वकीयांच्या संविधानात मूलभूत हक्क म्हणून समाविष्ट झाला नाही. या स्थित्यंतराची कारणे समजून घेण्यासाठी कायद्याचा व त्याविरुद्धच्या आंदोलनाचा इतिहास पाहणे अगत्याचे ठरते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतीय ग्रामीण समाजात शस्त्रांचा वावर सर्रास होता. गढ्यांचे मालक, वतनदार, यात्रेकरूंचे व व्यापाऱ्यांचे तांडे आणि गावचे रखवालदार ढाल, तलवार, भाला किंवा ठासणीची बंदूक बाळगीत. १८५७ च्या उठावाने ही परिस्थिती पालटली. त्याच वर्षी सरकारने शस्त्रांची आयात, निर्मिती, विक्री व बाळगणे यांवर निर्बंध घालणारा अठ्ठाविसावा अधिनियम केला; त्यामागोमाग १८६० चा एकतिसावा अधिनियम आला. उठाव मोडल्यानंतर अयोध्या प्रांतात निःशस्त्रीकरणाची मोठी मोहीम राबविण्यात आली. तीत शेकडो तोफा, दीड लाखांहून अधिक बंदुका व पाच लाखांहून अधिक तलवारी जमा करण्यात आल्या आणि दीड हजारांहून अधिक गढ्या पाडण्यात आल्या. मात्र हे निःशस्त्रीकरण सर्व देशभर सारखे नव्हते. ज्या प्रदेशांविषयी सरकारला संशय होता, तेथे ते कडक व इतरत्र शिथिल होते.

१८७८ चा कायदा : व्हाइसरॉय लॉर्ड लिटन (कार. १८७६–८०) याच्या कारकीर्दीत मार्च १८७८ मध्ये दोन कायदे लागोपाठ संमत झाले. पहिला देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा मुद्रण कायदा व दुसरा त्या वर्षाचा अकरावा अधिनियम म्हणजे शस्त्र कायदा होय. लेखणी आणि तलवार या दोहोंवर एकाच वेळी आलेला हा निर्बंध सुशिक्षित भारतीयांना एकाच धोरणाची दोन अंगे वाटला. मुद्रण कायदा लॉर्ड रिपन याच्या कारकीर्दीत १८८२ मध्ये रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र टिकून राहिला.

या कायद्यातील ‘शस्त्र’ या संज्ञेची व्याप्ती फार मोठी होती. बंदुका व तोफा यांखेरीज संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्याची पाती, इतकेच नव्हे तर धनुष्यबाणही तीत येत. परवान्याशिवाय शस्त्रे तयार करण्यास वा विकण्यास मनाई करण्यात आली. त्यामुळे शस्त्रे घडविणाऱ्या कारागिरांचा पिढीजात व्यवसाय परवान्याच्या कक्षेत आला. परवान्याशिवाय सशस्त्र फिरणे, तसेच बंदूक वा दारूगोळा बाळगणे गुन्हा ठरले. विशिष्ट प्रदेशांत तर कोणतेही शस्त्र बाळगण्यास परवाना लागे. सामान्य उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत, तर लपवाछपवी करून केलेल्या उल्लंघनास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती.

लोकांच्या मनात सल निर्माण झाला तो मुख्यतः या कलमांमुळे नव्हे, तर सूट देण्याच्या अधिकारामुळे. या अधिकारान्वये केलेल्या नियमांनी यूरोपीय, अमेरिकन, अँग्लो-इंडियन व आर्मेनियन यांना कायद्यातून वगळले. भारतीयांपैकी काही अधिकारी, संस्थानिक, खिताबधारक अशा मोजक्या व्यक्तींनाच ही सवलत मिळे. परिणामी नुकताच भारतात उतरलेला गोरा व्यापारी परवान्यावाचून बंदूक बाळगू शके. पण रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे व तो नाकारला गेल्यास परिणामकारक दाद मागता येत नसे. याच काळात इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्यानुसार दहा शिलिंग भरून टपाल कचेरीतून बंदुकीचा परवाना मिळत असे. ही तुलना भारतीय टीकाकारांना सहज उपलब्ध होती. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात वंश व धर्म यांवरून भेद न करण्याचे जे आश्वासन होते, त्याच्याशीही ही व्यवस्था विसंगत होती.

कोडगू (कूर्ग) हा या नियमाला एक लक्षणीय अपवाद होता. तेथील कोडवा जमातीस व जम्मा जमिनींच्या धारकांस त्यांच्या राजनिष्ठेबद्दल १८६१ पासून शस्त्रविषयक निर्बंधांतून सूट देण्यात आली. सूट हे निष्ठेचे बक्षीस आणि बंदी हे संशयाचे द्योतक, हे सरकारी धोरणातील सूत्र या अपवादातून उघड होते.

सनदशीर विरोध : भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत हा विषय लवकरच आला. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीयांना स्वयंसेवक सैन्यदलात प्रवेश द्यावा, अशी मागणी करण्यात आली. पुढील वर्षी बद्रुद्दिन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली मद्रास येथे भरलेल्या अधिवेशनात शस्त्र कायद्यासंबंधी स्वतंत्र ठराव संमत झाला. हा कायदा प्रजेवर अकारण कलंक लावतो, अशी तक्रार त्यात होती. सर्वांना शस्त्रे बाळगण्याची मोकळीक असावी आणि ज्या व्यक्तींना वा वर्गांना ती नाकारावयाची असेल, त्यांच्याबाबतची कारणे लेखी नमूद करून प्रसिद्ध करावीत, अशी सुधारणा त्याने सुचविली. म्हणजे मागणी निरंकुश शस्त्रस्वातंत्र्याची नव्हती. बंदी हा नियम व परवाना हा अपवाद, ही सरकारी मांडणी उलटी करून मोकळीक हा नियम व सकारण बंदी हा अपवाद असावा, एवढेच काँग्रेसचे म्हणणे होते. यानंतरच्या अनेक अधिवेशनांत या आशयाचे ठराव पुनःपुन्हा झाले. सरकारने त्यांची विशेष दखल घेतली नाही.

या ठरावांच्या समर्थनार्थ सर्वसाधारणतः तीन युक्तिवाद केले जात. पहिला व्यावहारिक होता : हिंस्र श्वापदे व दरोडेखोर यांच्यापुढे निःशस्त्र खेडूत असहाय ठरतो आणि गुन्हेगार मात्र कायदा मोडून शस्त्र मिळवितोच. दुसरा समतेचा होता : एकाच सम्राज्ञीच्या प्रजाजनांत वर्णावरून भेद करणे अन्यायाचे आहे. तिसरा नैतिक स्वरूपाचा होता. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रापासून दूर ठेवलेला समाज भित्रा व परावलंबी होतो आणि मग त्याच दुबळेपणाचा दाखला देऊन त्याला स्वराज्यास अपात्र ठरविले जाते, असे प्रतिपादन केले जाई. या तिसऱ्या युक्तिवादाला महाराष्ट्रात विशेष धार आली. मराठ्यांच्या लष्करी परंपरेची स्मृती येथे ताजी होती आणि १८१८ नंतर दोनतीन पिढ्यांतच ती केवळ बखरींत व पोवाड्यांत उरली होती.

सशस्त्र मार्ग : कायद्याचा एक उद्देश बंड अशक्य करणे हा होता, तो पूर्णपणे साध्य झाला नाही. कायदा संमत झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळाने गांजलेल्या दख्खनमध्ये रामोशी व इतर साथीदारांसह बंड उभारले. त्यांची शस्त्रसामग्री तुटपुंजी होती. त्याच वर्षी पकडले जाऊन त्यांना पुढे एडनला पाठविण्यात आले व तेथेच १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून १९०९ मध्ये वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे भारतात पाठविली. त्यांपैकीच एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी त्या वर्षी २१ डिसेंबरला नासिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. कलकत्त्यात ऑगस्ट १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले व सुमारे ४६,००० काडतुसे पळविली. अशा घटनांमुळे सरकार कायदा शिथिल करण्यास आणखीच नाखूश झाले. उलट सनदशीर नेत्यांचे म्हणणे असे, की उघड मार्ग बंद केल्यानेच गुप्त मार्ग खुले होतात.

पहिले महायुद्ध व त्यानंतर : महायुद्धात सरकारला भारतीय सैनिकांची निकड भासली आणि या प्रश्नाला नवे वळण लागले. ज्या लोकांना घरी बंदूक ठेवण्याची परवानगी नव्हती, त्यांनाच बंदूक घेऊन परदेशी लढण्यास बोलावले जात होते. भारतीयांना सैन्यात अधिकारपदे व राजकीय हक्क द्यावेत, तरच मनापासून सैन्यभरती होईल, अशी भूमिका लोकमान्य टिळकांनी घेतली. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याने १० जून १९१८ रोजी बोलाविलेल्या युद्ध परिषदेत टिळकांना राजकीय मुद्दा मांडू न दिल्याने ते सभात्याग करून बाहेर पडले. त्याच महिन्यात महात्मा गांधी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते. आपल्या पत्रकात त्यांनी संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य म्हणून इतिहास नोंदवील, असे म्हटले आणि हा कायदा रद्द व्हावा असे वाटत असेल, तर शस्त्रविद्या शिकण्याची ही संधी घ्यावी, असे लोकांना आवाहन केले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने असे लिहावे, हे वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु शस्त्र वापरण्याची क्षमता असूनही ते न वापरणे म्हणजे अहिंसा, लादलेली दुर्बलता म्हणजे अहिंसा नव्हे, हा त्यांचा विचार त्यामागे होता.

१९१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाने भारतीयांच्या हक्कांची एक सनद मांडली. ग्रेट ब्रिटनप्रमाणे परवाना विकत घेऊन शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक भारतीयाला हक्क असावा आणि सामान्य न्यायालयाच्या शिक्षेखेरीज तो हिरावून घेतला जाऊ नये, असे तीत नमूद होते. सरकारने वांशिक भेदाच्या मुद्द्यावर माघार घेतली. १९२० मध्ये लागू झालेल्या नव्या नियमांत वंशावर आधारित सूट काढून टाकण्यात आली. तथापि मोठे जमीनदार व खिताबधारक यांना सवलत राहिल्याने वर्णभेदाच्या जागी प्रतिष्ठाभेद आला, अशी टीका करण्यास वाव राहिला. शिखांच्या कृपाणाला पंजाबात १९१४ मध्ये व सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात १९१७ मध्ये सूट मिळाली होती.

नागपूरचा शस्त्र सत्याग्रह : १९२७ साली नागपूर येथे मंचरशा आवारी यांच्या नेतृत्वाखाली या कायद्याविरुद्ध प्रत्यक्ष कायदेभंग झाला. बंगालमधील राजबंद्यांना चौकशीवाचून स्थानबद्ध ठेवल्याच्या निषेधार्थ आवारी व त्यांचे अनुयायी तलवारी व तत्सम शस्त्रे घेऊन उघडपणे रस्त्यांवरून फिरले व अटक करवून घेऊ लागले. आवारी यांना कारावास झाला व तुरुंगात त्यांनी दीर्घ उपोषण केले. या चळवळीमुळे ‘जनरल आवारी’ हे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. गांधींनी मात्र या सत्याग्रहाला मान्यता दिली नाही. शस्त्र हाती घेऊन केलेला कायदेभंग अहिंसक सत्याग्रहाच्या चौकटीत बसत नाही, असे त्यांचे मत होते. शस्त्र कायदा अन्यायाचा असल्याबद्दल दुमत नसताना तो मोडण्याच्या रीतीबद्दल राष्ट्रीय चळवळीत किती तीव्र मतभेद होते, हे यावरून दिसते.

नेहरू अहवालात (१९२८) सुचविलेल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश होता. जानेवारी १९३० मध्ये गांधींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतील अखेरची मागणी, लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्यावेत, ही होती. मिठाच्या करावरील मागणी पुढे जगप्रसिद्ध झाली. तिच्याच यादीतील ही मागणी बहुतांशी विस्मृतीत गेली. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावातही हा हक्क योग्य त्या बंधनांसह नमूद करण्यात आला.

संविधान सभेतील चर्चा : या पार्श्वभूमीवर स्वतंत्र भारताच्या संविधानात हा हक्क येईल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. डिसेंबर १९४८ च्या आरंभी नागरी स्वातंत्र्यांच्या अनुच्छेदावर चर्चा चालू असता मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली व कराची ठरावाची आठवण दिली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. ज्या परिस्थितीत काँग्रेसने ही मागणी केली ती आता राहिलेली नाही, असे त्यांनी सांगितले. हा हक्क मूलभूत ठरविल्यास सराईत गुन्हेगारही त्यावर दावा सांगू शकतील, याकडे त्यांनी लक्ष वेधले. नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशरक्षणासाठी शस्त्र धारण करण्याच्या त्याच्या कर्तव्यावर भर असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुरुस्ती नामंजूर झाली.

ही चर्चा ज्या काळात झाली, तो लक्षात घेणे आवश्यक आहे. फाळणीच्या कत्तलींना जेमतेम वर्ष उलटले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींची पिस्तुलाने हत्या झाली होती. परकी सत्तेला आवर घालण्याचे साधन म्हणून पाहिलेले शस्त्र आता शेजाऱ्यावर उगारले जाण्याचे भय अधिक खरे होते. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील स्वातंत्र्यांत शस्त्रांचा उल्लेख येतो तो एकाच ठिकाणी व नकारार्थी, म्हणजे शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याच्या संदर्भात. तर पंचविसाव्या अनुच्छेदात कृपाण धारण करणे शीख धर्माचरणाचा भाग मानले आहे.

१९५९ चा कायदा व नंतरचे धोरण : मूलभूत हक्क नाकारला गेला तरी १८७८ चा कायदा तसाच चालू ठेवणे समर्थनीय नव्हते. तरीही स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षे तो अंमलात राहिला. १९५९ चा चौपन्नावा अधिनियम व त्याखालील नियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाले. या कायद्याने तलवार, भाला यांसारख्या शस्त्रांना सर्वसाधारणतः परवान्याच्या बंधनातून मुक्त केले. अधिसूचित प्रदेशांतच त्यांना परवाना आवश्यक ठेवला. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, नकाराची कारणे लेखी नोंदविली पाहिजेत व त्यावर अपील करता येईल, या तरतुदी त्यात आहेत. स्वसंरक्षण वा शिकार यांसाठी विशिष्ट लांबीच्या नळीची साधी बंदूक व पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांबाबत परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. १८८७ च्या मद्रास ठरावातील सकारण व लेखी नकाराचे तत्त्व अशा रीतीने बहात्तर वर्षांनी कायद्यात आले. त्यातील ‘मोकळीक हा नियम’ हे तत्त्व मात्र बंदुकांबाबत स्वीकारले गेले नाही.

त्यानंतरचे धोरण उत्तरोत्तर कडक होत गेले. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनपेक्षा अधिक बंदुका बाळगण्यास मनाई झाली. पंजाबातील दहशतवादाच्या काळात १९८८ मध्ये शिक्षा वाढविण्यात आल्या. प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास अनिवार्य देहदंड देणारे त्यातील कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरविले. २०१९ च्या विधेयकात बंदुकांची मर्यादा एकावर आणण्याचे प्रस्तावित होते. वडिलोपार्जित शस्त्रे व दुर्गम भागांतील असुरक्षितता यांचा हवाला देऊन झालेल्या विरोधानंतर ती दोन ठेवण्यात आली. लग्नसमारंभातील हर्षगोळीबार त्याच दुरुस्तीने दंडनीय ठरला. कोडवांची सूट २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली.

न्यायालयांतही हा प्रश्न उपस्थित झाला आहे. शस्त्र बाळगणे हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे मत अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १९९३ मधील एका निर्णयात व्यक्त झाले होते. पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते अमान्य केले. निवडणुकीच्या वेळी सर्व परवानाधारकांकडून सरसकट शस्त्रे जमा करून घेण्याच्या प्रथेसंबंधी मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करण्यावर भर दिला आणि त्यानंतर छाननी समित्यांची पद्धत आली. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.७ लाख परवाने होते. त्यांपैकी सुमारे १२.८ लाख एकट्या उत्तर प्रदेशात होते.

मूल्यमापन : शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा विचार करताना अमेरिकेचे उदाहरण नेहमी पुढे येते. तेथील संविधानाच्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने हा हक्क संरक्षिला असून शासनाच्या नियंत्रणास तेथे संघटित विरोध होत आला आहे. भारतातील चळवळीने वेगळी वाट चोखाळली. तिने शस्त्राकडे सत्तेविरुद्धची हमी म्हणून क्वचितच पाहिले. समान नागरिकत्वाची खूण म्हणून ते मागितले. त्यामुळे समान नागरिकत्व संविधानाने मिळताच मागणीचा जोर ओसरला. मात्र परवाना देणे वा नाकारणे हा अधिकार आजही प्रशासनाकडेच आहे. तो वापरताना नागरिकाला कारण सांगितले जाते की नाही, श्रीमंताला व गरिबाला सारखाच न्याय मिळतो की नाही, आणि कोकणातील शेतकऱ्याचा पीकरक्षणाचा अर्ज व शहरातील प्रतिष्ठिताचा अर्ज एकाच मापाने मोजला जातो की नाही, या कसोट्या १८८७ च्या ठरावकर्त्यांनी घालून दिल्या होत्या. कायदा स्वकीयांचा झाल्याने त्या रद्द झालेल्या नाहीत.